माटवीतली चिलटं

आमच्या मालवणी घरांत गणपतीच्या वर छताला माटवी बांधतात. लाकडी चौकट, तिला टांगलेली फळं, आणि विसर्जनापर्यंत त्यातलं एकही काढायचं नाही. गावी नारळ, सुपारीचे घोस, तवशी म्हणजे जाड सालीच्या मोठ्या काकड्या टांगतात. अकरा दिवसांत त्यांना काही होत नाही. इथे बाबांनी दहिसरच्या बाजारातून केळी, पेरू, चिकू आणले, तेही पिकलेले. मी नको म्हटलं. कोण ऐकतंय.

दुसऱ्याच दिवशी चिलटं आली. आरतीत माझं सगळं लक्ष त्यांच्यावर. नर मादीच्या मागे मागे फिरतो, एकच पंख पसरून थरथरवतो. तिला पटलं तर जमतं, आणि मग ती पिकल्या फळात अंडी घालते. अंड्याचं चिलट व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे विसर्जनाआधीच पुढची पिढी हजर. वैतागून मी वाटीत व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून सापळा लावला. आईने तो उचलून मोरीत ओतला. गणपती घरात असताना जीव मारायचा नाही, विषय संपला.

विसर्जन करून आलो. फळं गेली होती, पाट रिकामा होता, आणि चिलटं त्याच जागेवर घिरट्या घालत होती. मी लगेच वाटी भरून आणली. आई पाटाकडे बघत बसली होती. तिने माझा हात धरला.

"आज रवांदेत रे," ती म्हणाली. "तेवढीच घराक जाग."