एका श्वासात रिंगपर्यंत

मुंबईत चारकोपच्या मैदानावर कोच विमलाताईंचा एवढा दरारा, की त्या नुसत्या गेटातून आत आल्या तरी पोरी पाठ ताठ करून धावायला लागत. एके काळी बँकेच्या संघातून बास्केटबॉल खेळताना या बाई तिघी-तिघींमधून बॉल घेऊन घुसायच्या आणि कुणाला पत्ता लागायच्या आत रिंगखाली पोचलेल्या असायच्या. हे कसं जमतं, असं वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: "सराव."

ती शुद्ध थाप होती. बॉल हातात आला की विमलाताई मनातल्या मनात 'कबड्डी, कबड्डी' सुरू करत आणि रिंग येईपर्यंत श्वास तोडत नसत. त्यांचे वडील मालवणी, गिरणी कामगार. त्यांनी लेकीला लहानपणी कबड्डीच शिकवली होती; दम सुटला की बाद, हे तिच्या अंगात भिनलेलं. संघातल्या चकाचक मुलींपुढे हे सांगायची तेव्हा लाज वाटली, आणि मग जन्मभर राहूनच गेलं.

आता पंचाईत झाली ती ऋतिकामुळे. नववीतली ही पोर उंच, चपळ, हातात जादू. पण समोर दोघी आडव्या आल्या की घाबरून बॉल दुसरीकडे टाकून मोकळी. रविवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी, आणि तिच्या वयोगटातली ही शेवटची संधी. अखेर ताईंनी गुपित फोडलं.

"कबड्डी?" ऋतिका खो खो हसली. "नाही ओ ताई, मी ती टीव्हीवर बघते फक्त!"

तरी तिनं करून पाहिलं. श्वास धरला, लालबुंद झाली, पायात पाय अडकला आणि बॉल गेला बाहेर. पुन्हा तेच, पुन्हा तेच. "आता माझी वाट लागली ना," म्हणत ती रडकुंडीला आली.

ताई घरी आल्या त्या पार गोंधळून. तो श्वास वगळला तर आपल्याकडे शिकवण्यासारखं आहे तरी काय? ड्रिबल, पाय, नजर हे कुठलाही कोच शिकवतो, मोबाइलसुद्धा शिकवतो. मग इतकी वर्षं आपण मुली घडवल्या, की नुसतीच शिट्टी फुंकली? भाजीत मीठ घातलं की नाही, तेही त्यांना आठवेना. वर ऐन चाचणीच्या तोंडावर पोरीचा खेळ बिघडवला, ही टोचणी वेगळीच.

रविवारी अंधेरीत चाचणी झाली. ऋतिकाकडे बॉल आला, समोर दोघी आडव्या. टाकणार आता, असं ताईंना वाटलं. पण पोरगी घुसली. तिचे ओठ हलत होते. ती थेट रिंगखाली पोचली आणि बॉल आत. मग दिवसभर ती घुसतच राहिली, आणि तिची निवड झाली.

"जमली की गं कबड्डी!" ताई म्हणाल्या.

"छे! त्यानं दम जातो माझा. मी तुमचंच म्हणत होते. 'घूस गो चेडवा, भितर घूस.'"

"माझं? मी कधी म्हटलं?"

"रोज ओरडता की लाइनवरून! सगळ्यांना पाठ आहे."

मैदानात आपण नीटनेटकं मराठी बोलतो, अशी ताईंची आजवरची समजूत. मालवणी तर माहेरीच सुटली होती.

"पण चेडवा म्हणजे काय ओ?"

"पोरी, असं. माझे बाबा मला म्हणायचे," ताई म्हणाल्या, आणि चाचणीला आलेल्या सगळ्या मुलींसमोर रडायला लागल्या.