गुत्ता बंद झाला तेव्हा

आमच्या इस्पितळात नवा रोगी आला की डॉक्टर त्याला आधी गाव विचारत, मग दुखणं. नंतर खाटेजवळ खुर्ची ओढून बसत आणि अगदी सहज म्हणत, "घेता का?" रोगी बहुधा "छे, छे" म्हणे. त्यावर डॉक्टर मान डोलवत आणि थोड्या वेळानं विचारत, "सकाळी उठल्यावर तोंडात पहिल्यांदा काय जातं?" या प्रश्नाला खोटं उत्तर कोणी तयार ठेवलेलं नसे. काहीजण भिंतीकडे तोंड फिरवत. काहीजण खरं सांगून टाकत.

मी तिथे नर्स होते. लग्नानंतर दोन पावसाळेही सरले नव्हते, तेवढ्यात माझं कुंकू पुसलं गेलं. मग मुंबईत शिकून मी रत्नागिरीला कामाला लागले. डॉक्टर वयस्क, बोलायला तुटक, पण एकच ध्यास घेतलेले. आपल्या जिल्ह्यातली माणसं काय पितात, कधीपासून पितात आणि त्यातून कशी मरतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पोटात पाणी झालेले, रक्ताच्या ओकाऱ्या होणारे, मचव्यावरून तोल जाऊन बुडालेले, सगळ्यांची ते चौकशी करत. "पुरुष मला अर्धं सांगतात," ते म्हणत. "त्यांच्या बायका तुम्हाला पुरं सांगतील. जरा बसा त्यांच्यापाशी." म्हणून मी दुपारी ओसरीवर रोग्यांच्या बायकांशी बोलत बसे. बाळंतिणीला चमचाभर देतात, दात येताना किरकिरणाऱ्या पोराच्या हिरड्यांना बोट लावतात, दर्यावर गारठा असतो म्हणून बाप्ये नेतात, असं त्या सांगत. सांगताना त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नसे.

माझा दादा पूर्णगडला तांडेल होता. मचवा त्याचा, वर तीन-चार खलाशी. तोही पीत असे, पण त्याला कोणी दारुडा म्हटलं असतं तर अख्खा गाव धावून आला असता. तो कधी रस्त्यात पडला नाही, वयनीवर हात टाकला नाही, दर्याची वेळ चुकवली नाही. सकाळपासून थोडी थोडी घेत राहायचा, एवढंच. आमच्या घरी ते चुलीवरच्या भातासारखं रोजचं झालं होतं.

स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस आले तेव्हा शहरातून काही माणसं पूर्णगडला गेली आणि दारूबंदीवर बोलली. बाप्ये ऐकून घरी गेले. बायकांच्या मात्र ते मनात राहिलं. माझी वयनी तशी अबोल, पण एका सकाळी ती पाण्याची घागर घरी ठेवून सरळ गुत्त्यासमोर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी आणखी बायका बसल्या. कोणी मासळी निवडत, कोणी जाळं विणत, पण उठत नसत. आपल्याच बायका-भावजयांच्या अंगावरून आत जायची बाप्यांना लाज वाटू लागली. शिमगा झाला, ठेक्याच्या लिलावाची वेळ आली, आणि आमच्या गावच्या गुत्त्यावर बोली करायला कोणी पुढे आलं नाही. गुत्त्याला कुलूप लागलं.

ही बातमी मला मासळी घेऊन आलेल्या गावच्या माणसानं इस्पितळात येऊन सांगितली. वर म्हणाला, "आणि तुमच्या दादानं तर देवीसमोर शपथ घेतलान. आजपासून थेंब शिवणार नाय बोललान!"

मला इतका आनंद झाला, की पेढे आणवले आणि पहिला डॉक्टरांच्या हातावर ठेवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शपथ कधी घेतली त्यानं?"

"काल सकाळी."

"आणि तो सकाळची घेत असे?"

मी म्हटलं, "हो. वयनी म्हणते, त्याशिवाय त्याचे हात ठरत नाहीत. विडीसुद्धा पेटवता येत नाही."

डॉक्टरांनी पेढा टेबलावर ठेवला. "तुम्ही आत्ता निघा. त्याला इथे घेऊन या."

"पण त्यानं तर सोडली, डॉक्टरसाहेब."

"म्हणूनच सांगतोय. इतक्या वर्षांची सवय एकदम तुटली की शरीर उलटतं. दोन-तीन दिवसांनी झटके येतात, नाहीतर भ्रम होतो. मुंबईला असताना मी अशी माणसं हातातून गेलेली पाहिली आहेत. धडधाकट माणसं."

भाट्याच्या खाडीवर पलीकडे नेणारी तर मिळाली, पुढे बैलगाडी मिळाली, पावसला रात्रीपुरती एका ओळखीच्या घरी पाठ टेकली. पूर्णगडला पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आमच्या घरासमोर माणसं जमली होती. त्यांच्यातून वाट काढत मी आत गेले.

दादा माजघरात मधोमध उभा होता. अंगातून घामाच्या धारा, डोळे तांबडेलाल. दोन्ही हातांनी तो काहीतरी ओढत होता. एक हात पुढे टाकायचा, मूठ आवळायची, ओढायचं, मग दुसरा, दर्यात डोल जाळं ओढतात तसा. हातात काही नव्हतं.

"खेचा रे! डोल फाटंल! काय बघताव?" तो ओरडत होता.

मी समोर जाऊन त्याचा हात धरला. त्यानं मला ओळखलं. "बाय, तू मचव्यावर कशाला आलीस गो? पाणी भरतंय. उतर, उतर आधी."

वयनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दोन दिवस तिनं काही खाल्लेलं दिसत नव्हतं. "वन्सं, पयल्या दिवशी नुसते थरथरत होते," ती म्हणाली. "मग झोप नाय. मग भिंतीवर कुर्ल्या चढतायत बोलायला लागले. आज सकाळपासून हे असं."

गावच्या भगताचं म्हणणं वेगळंच होतं. राखणदाराला वर्षानुवर्षं दारूचा मान मिळत आला, गुत्ता बंद झाल्यानं तो मान चुकला, म्हणून राखणदारानं तांडेलाला धरलं. त्याला एक बाटली द्या म्हणजे तो सोडील. लोकांना ते पटलं होतं. आमचा काका वयनीला बोलू लागला, "तू बसलीस ना थय जाऊन? आता आण बाटली कुठूनतरी."

वयनीनं खाली मान घातली. तिच्याकडे सगळे बघत होते, आणि त्यात आदल्या महिन्यात तिच्याबरोबर बसलेल्या बायकाही होत्या.

मी काकाला म्हटलं, "याला रत्नागिरीला न्यायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"इस्पितळात भूत उतरवतात काय?"

"हे भूत नाही, काका. दारू एकदम सुटली की असं होतं. डॉक्टरांनी हे घडायच्या आधीच मला सांगितलं होतं."

काका आणखी बोलणार होता. पण वयनी खलाशांकडे वळली आणि म्हणाली, "मचवा काढा."

वारा उलटा होता, वल्ही मारावी लागली. दादाला मधे बसवून धोतराच्या पट्ट्यानं कमरेशी बांधलं. आधी तो त्या बांधण्यावर खवळला, पण पाण्याचा आवाज कानांवर पडल्यावर पुन्हा डोल ओढू लागला. "खेचा रे!" म्हणाला की खलाशी "खेचतोय, तांडेल!" असं मोठ्यानं म्हणत. त्यांच्यातला एक वयस्क खलाशी तर वल्हं ठेवून त्याच्यासमोर बसला आणि त्याच्याबरोबर रिकामे हात ओढू लागला. तेवढ्यानं दादा शांत होई. त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वाटेत एकदा दादाचं अंग ताठ झालं, दात खिळले, तोंडाला फेस आला. मी त्याला कुशीवर वळवून धरलं. वयनीनं पदरानं फेस पुसला.

दिवस मावळायच्या आत आम्ही बंदराला लागलो. डॉक्टर वाट बघत होते. त्यांनी झोपेचं औषध दिलं, आणि औषधांच्या कपाटातून ब्रँडी काढून पेल्यात थोडी मोजून त्याच्या तोंडाला लावली. खोलीभर वास सुटला. वयनी दचकली.

"वन्सं, ही तर दारूच!"

"हो, बाई," डॉक्टर म्हणाले. "आज एवढी, उद्या याहून कमी. थोडी थोडी करून तोडायची."

वयनी तिथेच जमिनीवर बसली. "मग मी काय करून बसले?"

"तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. गुत्ता बंद व्हायलाच हवा होता. पण कुलूप लावायच्या आधी अशी माणसं कुठे न्यायची, हे गावाला कोणीतरी सांगायला हवं होतं. ते काम तुमचं नव्हतं."

तिला हे किती पोचलं कोण जाणे.

दादा वाचला. झटके थांबले, ताप उतरला, मग तो झोपेत बुडाला तो कितीतरी वेळ उठेना. जागा झाला तेव्हा मी खाटेशी होते. त्यानं हळूच विचारलं, "मी काय काय बोललो गो?"

"डोल खेचत होतास."

"भरली होती काय?" म्हणाला आणि हसला. त्याचं तसं मोकळं हसणं मी पुढे ऐकलं नाही.

त्यानंतर शहरात दारूबंदीबद्दल एक सभा झाली. डॉक्टर मुद्दाम तिथे गेले, मीही मागे बसले होते. त्यांनी फार मागितलं नाही. ज्या गावचा गुत्ता बंद व्हायचा असेल तिथल्या लोकांना आधी सावध करावं, ज्यांचे हात सकाळी दारूवाचून ठरत नाहीत त्यांना काही दिवस इस्पितळात ठेवावं, त्यांच्यासाठी दोन खाटा राखाव्यात, एवढंच. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, ही तर गुत्तेवाल्यांची वकिली झाली." टाळ्या पडल्या. सरकारी बाजूचे एक अधिकारी होते, ते हसत म्हणाले, "आधी सरकारनं यांना पिऊ द्यायचं, आणि मग यांच्यासाठी खाटाही घालायच्या काय?" त्यालाही टाळ्या पडल्या. डॉक्टर टोपी घेऊन बाहेर पडले.

दादा घरी जाऊन कामाला लागला होता. पाऊस धरेपर्यंत त्यानं दारूला हात लावला नाही. पण मचवे वर ओढले गेले, शाकारून ठेवले गेले, आणि बाप्यांना दिवसभर बसून राहायची पाळी आली. खाडीपलीकडे रानात कोणीतरी भट्टी लावली होती. गुत्त्यावरची दारू निदान सरकारी नजरेखालून येई. या दारूत नवसागर आणि आणखी काय काय घालत, ते घालणाऱ्यालाच माहीत. वयनी दारात बसायची. दादा मागच्या परसातून निघून जायचा. परत आला की तिच्याकडे न बघता आडवा व्हायचा. पूर्वी तो पिऊनही घरात बोलायचा, हसायचा. आता लपून पिणारा माणूस झाला होता, आणि त्याला ती लाज सोसत नव्हती.

पुढच्या थंडीत त्याला पुन्हा आमच्याकडे आणलं तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि पोट फुगून आलं होतं. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं. ते पुन्हा भरलं. मी त्याला पेज भरवायचे, तो दोन घास घेऊन मान फिरवायचा. पौषात एका दुपारी, वयनी कपडे वाळत घालायला बाहेर गेली होती तेव्हा, तो गेला. ती आत आली, त्याच्याकडे बघितलं आणि हातातली ओली साडी पिळत राहिली.

पुढच्या लिलावाच्या आधी गुत्ता पुन्हा उघडणार अशी आवई उठली. वयनी पुन्हा जाऊन बसली. लोक तिला काय काय बोलले असतील ते मी ऐकलेलं नाही, पण तिच्याशेजारी यंदा फार बायका बसल्या नाहीत एवढं मला कळलं. मी गावी गेले तेव्हा तिला विचारलं, "वयनी, अजून कशाला?"

"उघडा गुत्ता काय, बंद काय, माझं जायचं ते गेलं," ती म्हणाली. "पण ज्याचे हात थरथरतात त्याच्या घरी मी आधी जाऊन सांगते. पयले रत्नागिरीला न्या, मग सोडू दे. नायतर आमच्यासारखं होईल."

तिच्या सांगण्यावरून काही माणसं खरंच आली. पूर्णगडहून आली, एक नाट्याहूनही आला. डॉक्टर होते तोवर त्यांना जागा मिळाली. एक-दोघं बरे होऊन गेले, बाकीच्यांचं पुढे काय झालं कळलं नाही. मग डॉक्टरांची नोकरी सरली, ते आपल्या गावी निघून गेले. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "दारुड्यांसाठी इथे खाट नाही."

त्यानंतर देवरूखकडून एक नवरा-बायको आले होते. गाडीचा प्रवास करून आलेले, धुळीनं भरलेले. त्याचे हात इतके कापत होते की बायकोनं ते आपल्या पदरात घट्ट धरून ठेवले होते. साहेबांनी त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. मी मागोमाग गेले, म्हटलं, "दारू एकदम सोडू नका, थोडी थोडी कमी करा, मोजून द्या." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची थट्टा करत होते. मग ती नवऱ्याला धरून पायऱ्या उतरू लागली.