माऊसचं चाक

जेसल पार्कच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती एकदाच आली. पन्नाशीची, रत्नागिरीकडची बाई, एका रक्तपेढीत नोंदी करायची. खुर्चीत बसली, पण माऊसला काही हात लावेना.

“ताई, चावत नाही तो,” मी म्हटलं.

ती हसली नाही. “सर, परवा एका बाळंतिणीचा रक्तगट भरताना मी यादीतून बी निगेटिव्ह निवडलं. मग पान खाली न्यायला ह्याचं चाक फिरवलं, तर पान राहिलं बाजूला, तिथे एबी पॉझिटिव्ह झालं. मला कळलंपण नाही. डॉक्टरांनी रक्त चढवायच्या आधी पुन्हा जुळवून बघितलं, म्हणून ती बाळंतीण वाचली.”

ते चाक म्हणजे केवढी सोय, असंच मी इतकी वर्षं शिकवत आलो होतो.

मी तिला कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाखवलं. रक्तगट निवडून टॅब दाबला की कर्सर पुढच्या रकान्यात जातो, मग चाक फिरलं तरी गट बदलत नाही. तिने ते वीसेक वेळा करून पाहिलं. दर वेळी स्क्रीनवर बोट ठेवून गट मोठ्याने वाचायची.

निघताना मी विचारलं, “गेली ना भीती?”

“राहू दे ती भीती, सर. त्या दिवशी मी बिनधास्तच होते.”

ती गेल्यावर मी स्वतः भरून ठेवलेले मुलांचे परीक्षेचे फॉर्म उघडले आणि जन्मतारखा दाखल्यांशी ताडून मोठ्याने वाचायला लागलो. चौथ्याच फॉर्मवर साल चुकलेलं होतं.