तिसावं नाव

वजनमाप खात्यातून निवृत्त होऊन साहेबांना आठ वर्षं झाली होती, तरी तराजू दिसला की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. खिशात पूर्वी सरकारी शिक्क्याची वजनं असायची. आता चष्म्याचं घर असतं. भाजी घेताना ते भाजीकडे बघतच नसत, काट्याकडे बघत. एकतीस वर्षं दुकानादुकानांत न सांगता जाऊन उभं राहायचं, पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक शोधायचं, आतून पोखरलेली वजनं पकडायची, ह्यात माणसाचा जो स्वभाव बनतो तो निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर जात नाही. बायको म्हणायची, ह्यांना देवदूत भेटला तरी आधी त्याचे पंख ओढून बघतील.

असा माणूस एका लहानशा लुथरन मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, सचिव असणं ही मंडळीची सोय होती आणि शिक्षाही. छापखाना आणि टायरचं दुकान ह्यांच्यामध्ये अंग चोरून उभी असलेली ती इमारत. बाकं सत्तर माणसांची, माणसं अठरा-एकोणीस, आणि तीही भिंतीला टेकता यावं म्हणून कडेकडेला बसलेली. इथे एक जुना रिवाज होता. प्रभुभोजन, म्हणजे वेदीपुढे जाऊन भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचं तर आदल्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत वहीत नाव लिहायचं. उद्या मी येणार, मनाची तयारी केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्या चर्चांनी हा रिवाज केव्हाच सोडला. इथे तो टिकला, कारण वही साहेबांच्या ताब्यात होती. निदान पेंटेकॉस्टच्या सणाच्या पानावर तरी दर वर्षी नाव हवंच. सलग तीन वर्षं नसलं की मंडळीच्या यादीतून ते खोडायचं. साहेबांनी ह्या नियमाखाली बायकोच्या सख्ख्या भावालाही खोडलं होतं. मेहुणा तेव्हापासून दिवाणखान्यापर्यंतसुद्धा आलेला नाही.

त्या वर्षी मार्चात बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस, म्हणजे पेंटेकॉस्ट. पवित्र आत्मा उतरला आणि मंडळीचा जन्म झाला तो दिवस. त्या दिवशी प्रभुभोजनाला तीस सभासद नसतील, तर मंडळी नदीपलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये मिळवली जाईल आणि इमारतीला कुलूप लागेल. वाढदिवसालाच मृत्यूचा दाखला मागायचा, असं काहीतरी पुटपुटत साहेबांनी पत्र वहीत ठेवलं. त्यांचा बाप्तिस्मा इथे झाला होता, लग्न इथे लागलं होतं, आणि आपली शवपेटीही ह्याच दारातून वाकडी करून बाहेर काढावी लागणार हे त्यांनी मोजमाप घेऊन ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या पानावर नावं होती एकोणीस.

आणि नेमकी तेव्हाच ती अकरा माणसं आली. आठ बाया, तीन पुरुष. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या कारखान्यात कामाला, परमुलखातून आलेली, भाषा अर्धीमुर्धी. शेवटच्या बाकांवर बसायची आणि न समजणारी गाणी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायची. चर्चच्या पाळकांना, म्हणजे पाद्र्यांना, आनंद झाला. पेंटेकॉस्टलाच ह्यांना सभासद करून घेऊ, तुमची एक सही लागेल, असं ते साहेबांना म्हणाले.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. एकोणीस आणि अकरा किती होतात हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पाव किलो साखर खऱ्या काट्यावर दोन ग्रॅम इकडे किंवा तिकडे जायचीच. दरवेळी बरोब्बर अडीचशे भरली की समजावं, काट्याला कोणीतरी आधी हात लावलाय. एकतीस वर्षांत हा आडाखा एकदाही चुकला नव्हता.

मग ते हात धुऊन मागे लागले. उपासना चालू असताना मागे वळून मोजायचे. गाण्याच्या पुस्तकांत चिठ्ठ्या वगैरे ठेवल्यात का बघायचे. पेंटेकॉस्टचा शास्त्रपाठ ही अकरा माणसं स्वतःच्या भाषेतही वाचणार असं ठरलं, तर साहेबांनी मजकूर आधी लेखी मागितला. लेखी मिळाला, आणि अर्थातच त्यातलं अक्षरही कळेना. तालमीला घड्याळ लावलं. तोच पाठ त्यांच्या भाषेत दोन मिनिटं जास्त चालला. ही दोन मिनिटं ते नेमकं काय बोलतात, असं त्यांनी पाळकांना विचारलं. पाळक म्हणाले, त्यांचे शब्द लांब आहेत.

उपासनेनंतर ही माणसं मागच्या खोलीत दार लावून तासभर बसत आणि आतून हसण्याचे आवाज येत. एका रविवारी साहेबांनी खात्यातल्या पद्धतीनं, न ठोठावता, दार उघडलं. अकराही जण बाकांवर पाय सोडून बसले होते आणि पाय गरम पाण्याच्या बादल्यांत होते. आठवडाभर ओल्या फरशीवर उभं राहून टाचा फुटलेल्या. काही बादल्यांत दोन-दोन माणसांचे पाय. बादल्या चर्चच्या होत्या, म्हणून साहेबांनी मोजल्या. सातच्या सात होत्या. तरीही दार लावून घेताना त्यांना वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पाळकांना त्यांनी तोंडावरच विचारलं, अकराच का? दहा का नाहीत, तेरा का नाहीत? पाळक वैतागले, पण त्यांनी उत्तर दिलं की कारखान्यानं दिलेल्या खोलीत खाटाच अकरा आहेत. हे उत्तर खरं असण्याइतकं साधं होतं, आणि साहेबांना साध्या उत्तरांचाच जास्त संशय यायचा.

पेंटेकॉस्टच्या आधीच्या शुक्रवारी बायको वेदीवरचं लाल कापड इस्त्री करत होती. वर्षातून ह्याच सणाला ते बाहेर निघायचं. साहेब शेजारी बसून अकरा जणांची टिपणं वाचून दाखवत होते. तिनं इस्त्री उभी केली.

"अकरांची चौकशी झाली," ती म्हणाली. "एकोणीस कधी तपासणार?"

साहेबांनी कागद खाली ठेवला. ती कशाबद्दल बोलत होती ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

एकोणिसांतलं एक नाव त्यांच्या मुलाचं होतं. मुलगा नऊ वर्षांत ह्या दारातून आत आलेला नव्हता. त्यानं किराण्याचं दुकान टाकलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेब तिथे गेले होते, वडील म्हणून नव्हे, तपासायला. आपल्या मुलाला सूट दिली असं कोणी म्हणू नये म्हणून. काटा चाळीस ग्रॅम चुकीचा निघाला. त्यांनी गिऱ्हाइकांसमोर तो मोहोरबंद केला आणि दारावर नोटीस चिकटवली. वर्षाच्या आत दुकान बंद करून मुलगा दुसऱ्या शहरात निघून गेला. पुढे त्याच गाळ्यात दुसऱ्या कोणाचा काटा तपासताना साहेबांच्या ध्यानात आलं की तिथली फरशीच उतरती आहे. काटा खोटा नव्हता, जमीन वाकडी होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटते हे सांगण्याचीही लाज वाटली. त्याऐवजी दर पेंटेकॉस्टच्या शनिवारी, सगळे गेल्यावर, ते वहीत मुलाचं नाव स्वतःच्या हातानं लिहीत आले. तीन वर्षं नाव नसलं की खोडावं लागलं असतं.

"माझ्या भावाचं नाव खोडताना तुमचा हात थरथरला नव्हता," बायको म्हणाली.

"मग आता ह्याचंही खोडू म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं खोडा? मला एवढंच कळत नाही, एकदा त्याला विचारायला तुमचं काय जातं."

ती पुन्हा इस्त्री करायला लागली. साहेब रात्री जेवले आणि टिपणांचा कागद त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही.

शनिवारी पाच वाजता ते वही घेऊन कचेरीत बसले. कचेरी म्हणजे वेदीमागची खोली. एक टेबल, एक कपाट आणि झाडू. जुनी मंडळी येऊन नावं लिहून गेली. मग ती अकरा जणं आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. त्यांच्यातली भाषा बरी येणारी एक बाई होती, कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर काम करणारी. साहेबांनी तिला समोर बसवलं. पाळक शेजारी होते. सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले साहेबांनी उजेडाकडे धरून बघितले. दाखले खरे होते. आता एकच प्रश्न उरला होता आणि तो त्यांनी सरळ विचारला.

"नदीपलीकडे एवढं मोठं चर्च आहे. गाणारे आहेत, पंखे आहेत. तुम्ही इथेच का आलात?"

बाईनं थोडा वेळ शब्द जुळवले.

"आधी तिथेच गेलो होतो. तीन रविवार. आम्ही आलो ते कोणाला कळलं नाही, गेलो तेही कळलं नाही. इथे पहिल्या दिवशीच तुम्ही मागं वळून आम्हाला मोजलं. मग दर रविवारी मोजलं. एकदा आमच्यातली एक तापानं झोपून होती, तर तुम्ही तीनदा मोजलं आणि दारात जाऊन बघून आलात. मी आईला कळवलं, इथे एक म्हातारे आहेत, आमच्यातलं एक जरी कमी झालं तरी शोधतात."

त्या दिवशी साहेब दारात गेले होते खरे, पण अकरावी बाई कोठीच्या खोलीत काय उचकटतेय ते बघायला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या संशयाचे आभार मानत होतं, आणि खरं काय ते सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांनी पेन उघडलं आणि अकरा अर्जांवर एकामागून एक सह्या केल्या. मग अकरा जणांनी आपापल्या लिपीत वहीत नावं लिहिली आणि ती माणसं पाळीवर निघून गेली.

पाळकांनी वही पुढे ओढली. त्या पानावर नावं होती एकोणतीस. साहेबांनी तिसावी ओळ अजून भरली नव्हती.

"एक तुमचं नेहमीचं राहिलंय," पाळक जपून म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब, सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या वर्षापासून."

म्हणजे ज्या माणसानं सगळ्या गावावर नजर ठेवली, त्याच्यावर अख्ख्या मंडळीची नजर होती आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. बाकीच्या सगळ्यांनी मिळून त्याचं एक खोटं वजन नऊ वर्षं पारड्यात राहू दिलं होतं. साहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. पेन टेकवलं की तीस भरणार होते, इमारत वाचणार होती, आणि विचारणारं कोणी नव्हतं. घड्याळात सहाला दहा मिनिटं कमी होती.

त्यांनी पेन ठेवलं आणि फोन काढला. नंबर बायकोनं कधीतरी त्यात भरून ठेवला होता. पलीकडून "कोण?" असं आलं, तेव्हा त्यांनी आपलं नाव सांगितलं नाही.

"तुझ्या दुकानातली फरशी उतरती होती," ते म्हणाले. "काटा बरोबर होता. मला नंतर कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

मग मुलानं विचारलं, हे सांगायला आज फोन केला का. साहेबांनी वहीचं सगळं सांगितलं. तीस लागतात, एकोणतीस आहेत, आणि दर वर्षी ते काय करत आले.

"मला वाटलं, माझं नाव तुम्ही केव्हाच खोडलं असेल," मुलगा म्हणाला.

"नाही."

"उद्या किती वाजता असतं?"

"नऊला."

"उद्या नाही जमायचं, बाबा."

साहेब म्हणाले, बरं. तब्येतीची काळजी घे म्हणाले, जे ते कधी कोणाला म्हणत नसत. सहा वाजले तेव्हा त्यांनी एकोणतिसाव्या नावाखाली रेघ ओढली आणि वही मिटली. पाळकांनी त्यांना अडवलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

रविवारी वेदीवर लाल कापड होतं. शास्त्रपाठ आधी साहेबांनी वाचला: वारा आला, ज्वाला उतरल्या, जो तो आपापल्या भाषेत ऐकू लागला, आणि काही जण बाजूला उभे राहून म्हणाले की ही माणसं नुसती प्यायलेली आहेत. ह्या ओळीला बायकोनं पहिल्या बाकावरून त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते एक शब्द अडखळले. मग इस्त्रीवाल्या बाईनं तोच पाठ तिच्या भाषेत वाचला. साहेबांनी घड्याळ बघितलं नाही असं नाही. बघितलं, पण कोणाला सांगितलं नाही. पाळक उपदेशात म्हणाले की त्या पहिल्या दिवशी संशय घेणारेही तिथेच उभे होते, आणि कोणी त्यांना बाहेर काढल्याचं लिहिलेलं नाही. प्रभुभोजनाला एकोणतीस माणसं पुढे आली. साहेबांनी दोनदा मोजली.

दुपारी बिशपांच्या कचेरीचा दर वर्षीचा छापील तक्ता भरायचा होता. पाळक म्हणाले, काय करायचं ते आता तुम्हीच ठरवा. साहेबांनी चष्मा पुसला आणि संख्येच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात एकोणतीस लिहिलं. शेजारी शेऱ्याचा रकाना मोकळा होता. तो नऊ वर्षं मोकळाच गेला होता. त्यात त्यांनी मुलाचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं: कळवून गैरहजर.