परवानगीशिवाय आत येऊ नये

तलासरीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा, २०१६ साली, मी आणि आई डहाणूजवळ सरावलीला भाड्याने राहत होतो. घरमालक काकांची चिकूची वाडी आणि तिच्यात भिंतीला भिंत लागून दोन घरं. एकात काका-काकी, दुसऱ्यात आम्ही. करार रीतसर नोंदवलेला, अकरा महिन्यांचा. मी दिवसभर तलासरीला, त्यामुळे आईला सोबत काकींचीच. दुपारी त्या पेज घेऊन येत, आईचे गुडघे चोळून देत, आणि दोघी मिळून माझ्या तापटपणाला नावं ठेवत.

बिनसलं ते वालावरून. आईने मागच्या दारी वाल लावले, मांडव घातला. काकांच्या वडिलांची भातजमीन कूळ कायद्यात कसणाऱ्यांच्या नावावर गेली होती. भाडेकरूच्या हाताला माती लागलेली पाहून काकांना तेच आठवलं.

"बाई, आज वाल लावलेत, उद्या सातबाऱ्यावर नाव लावाल," म्हणाले, आणि त्यांनी वेल उपटले. वर, घर खाली करा. मग एकदा मी शाळेत आणि आई झोपलेली असताना ते एजंटाला घेऊन थेट आतल्या खोलीपर्यंत गेले.

माझं डोकंच फिरलं. डहाणूत एका वकिलांना गाठलं. ते म्हणाले, कूळ कायदा शेतजमिनीचा, राहत्या घराशी त्याचा संबंध नाही. मुदतीच्या आत तुम्हाला असं कोणी बाहेर काढू शकत नाही, आणि न विचारता घरात शिरूही शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कायदा माझ्या बाजूने बोलत होता. नोटिशीत एक वाक्य मी हट्टाने घालायला लावलं: मालकाने किंवा त्यांच्या घरातल्या कोणीही लेखी परवानगीशिवाय आत पाऊल ठेवू नये.

"घरातल्या कोणीही, हे हवंच का?" वकिलांनी विचारलंही.

मी म्हटलं, असू दे, चांगली अद्दल घडेल.

काका गप्प झाले. काकींचं येणंही थांबलं. नोटिशीतलं ते वाक्य मी आईला सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, "बोलावून आण तिला." मी म्हणायचे, आपलं कुणावाचून अडत नाही. दिवसभर घरात एकटं कोण बसतं, याचा विचार मी केला नाही. हे आज लिहितानाही स्वतःची चीड येते.

एका संध्याकाळी घरी आले, तर काकी आमच्या उंबऱ्याबाहेर रडत उभ्या. दार उघडंच होतं. आई मागे मोरीत पडली होती, दुपारपासून.

"हाका मारत होत्या हो," काकी हळूच म्हणाल्या. "तुमचा फोन लागेना. वाडीत दुसरं कोण नाय. ह्यांना फोन केला, तर ह्ये बोलले, नोटीस हाय, आत गेलीस तर केस होईल. तीन वेळा मी इथपर्यंत आले न् मागे फिरले. तुमीच लिहून दिलेलं ना, बाई."

मी मोरीकडे धावले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यातून आई उठली नाही, महिनाभरात गेली. दवाखान्यात ती रोज एकच विचारायची, "एवढ्या हाका मारल्या, ती कशी नाही आली गं?"

"घरी नव्हत्या त्या," मी सांगायचे. शेवटच्या दिवशीही मी तेच सांगितलं.