रिलेतली हाक

राहुरीकडच्या आमच्या खेड्यातल्या हायस्कूलला नव्वदच्या दशकात धड मैदान नव्हतं, पण मुलींच्या रिलेत आमचं नाव होतं. खेळाचे सर गावाबाहेरच्या माळावर फक्कीच्या रेघा मारायचे आणि आम्ही अनवाणी पळायचो. बॅटन घेताना मागे वळून बघायचं नाही, हात मागे करायचा आणि ‘दे गं’ अशी हाक मारायची, ही सरांची शिस्त. बाकीच्या शाळांच्या मुली माना वळवून बघायच्या आणि तिथेच मागे पडायच्या. आमच्यात तिसरी पळायची माझी मैत्रीण, शेवटची मी. शेजारणीला साखरेची वाटी द्यावी तितक्या सहज ती माझ्या हातात बॅटन ठेवायची.

नववीत तिला नगरच्या एका खाजगी शाळेने उचललं. हे दरवर्षीचंच होतं. पोरी आमच्या सरांनी घडवायच्या आणि ढाल त्यांच्या कपाटात जायची. फी माफ, वसतिगृह फुकट, सकाळी दूध-अंडी, पायात खिळ्यांचे बूट. माझं डोकंच फिरलं. एवढा खटाटोप कशाला, सरळ दुकानातून ढाल आणा म्हणावं, असं मी भर वर्गात बोलले. सर हसले नाहीत. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, तिलाही जावं लागतं, वसतिगृहामुळे यंदा तिची शाळा बुडणार नाही, एवढंच म्हणाले. आता रागावायचीही पंचाईत झाली. तरी मी राग सोडला नाही. तिच्या शाळेला हरवायचंच, असं ठरवून टाकलं.

दिवाळीनंतर नगरला जिल्हा स्पर्धा होती. शेवटच्या वळणावर आम्ही बॅटनची वाट बघत उभ्या होतो. माझ्या शेजारच्या लेनमध्ये तिच्या नव्या शाळेची उंच मुलगी होती. आमची तिसरी आणि माझी मैत्रीण अगदी बरोबरीने आल्या. मी हात मागे केला, ‘दे गं’ म्हणाले, हातात बॅटन पडली आणि सुसाट सुटले. पहिली आले. नाचतच मागे वळले, तर आमची तिसरी मुलगी हातात बॅटन धरून वळणावर तशीच उभी, आणि ती उंच मुलगी रिकाम्या हाताने रडतेय. माझ्या हातात मैत्रिणीची बॅटन होती.

गर्दी जमली. मैत्रीण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “तुजी हाक आली आन् हात गेला. दुसरं काय न्हाई.” तिचे नवे सर मात्र संतापले होते. पोरीने मुद्दाम केलं, हिला अजून जुन्या शाळेचाच पुळका आहे, असं ते पंचांना सांगत होते. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “उद्याच सामान बांध. वसतिगृहात जागा नाही तुला.” तिचे आईवडील तेव्हा कुठल्याशा साखर कारखान्यावर उसाच्या पाचटाच्या कोपीत राहत होते. तिला आता तिकडेच जावं लागणार होतं.

वळणावरचे पंच ऐन वेळी चहा पीत होते, त्यामुळे कुणी काही पाहिलं नव्हतं. मला सगळ्यांचाच राग आला होता, त्या सरांचा, दूध-अंड्यांचा, थोडा तिचाही. त्याच रागात मी पुढे होऊन म्हणाले, “मीच तिच्या लेनमध्ये घुसले आणि बॅटन ओढली.”

आमचा संघ बाद झाला. आमच्या मुलींनी मला रडीचा डाव खेळणारी म्हटलं. बाकीच्या शाळांची शर्यत पुन्हा घ्यायची ठरली. मैत्रिणीचे सर तिला दम देत होते, आता चुकलीस तर बघ.

मी वळणाजवळ फक्कीच्या रेघेबाहेर उभी राहिले. ती खिळ्यांचे बूट घालून तिसरी पळत आली, त्या उंच मुलीने मान वळवून हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं, चुकून हाक निघू नये म्हणून.