रुमालाची खुर्ची

समस्त वऱ्हाडास कळवण्यात येते की, शेगावच्या टॉकीजमधली पंख्याखालची माझी पिढीजात खुर्ची एका बाईंनी नुसता रुमाल टाकून काबीज केली. एसटीत जागा धरायला टाकतात तसा, चौकडीचा, पुरुषी रुमाल. बाई साठीच्या, कपाळ मोकळं.

"कोणी येऊन राह्यलं का, मावशी?" मी विचारलं.

"हाव. हे येतीन," म्हणत त्यांनी रुमालाची घडी नीट केली.

मी दरबारी थाटात मुजरा करून पलीकडे बसलो. तिकीट फाडणारा वाकून कुजबुजला, "भाऊ, तिचा मालक दिवाळीतच वारला. दोघं जोडीनं येत. अजून दोन तिकिटं फाडाले लावते."

माझा सगळा थाट उतरला.

पडद्यावरची राणी मेलेल्या राजाला पुरू देईना. त्याची शवपेटी गावोगाव सोबत नेई, रोज झाकण उघडून त्याच्याशी बोले. मागून एक जण खिदळला, "पागल झाली बे रानी!"

बाईंनी रुमालावर तळवा दाबला आणि अख्ख्या टॉकीजला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "पागल काऊन बे? त्याले यायले उशीर झाला, तं तिनं जागा धरून ठेवली!"